दहापैकी किती

फोनवरची बाई विचारते, एक ते दहामध्ये किती?
डोंगरातला रस्ता वादळाने बंद,
बर्फ काढणारी गाडी सकाळी सहाला निघेल,
तोवर किर्केनेसचं हॉस्पिटल चंद्रावर असल्यासारखंच.
मी म्हणते, सात.

सात म्हणताना उगीच ओशाळले.
तीनदा बाळंत झालेली बाई मी.
आइरिनच्या वेळी दहा म्हणाले होते,
म्हणाले कसली, ओरडले होते, दहा, दहा,
आणि गुन्वोर सुईण हसली होती,
तिच्या बाह्यांना ओल्या लोकरीचा वास होता.
कळ ओसरली की कुणीतरी घड्याळ बघायचं.
मिनिटं मोजायला माणसं होती.
तोर्गेइरने ओठांवर बर्फाचा खडा धरला,
त्याच्या बोटांना माशांचा वास, मी खेकसले,
तो हात धुऊन आला, तरी वास तोच.

आज तो कॉडच्या मागे, समुद्रात, तिसरा दिवस.

दुपारी फॅक्टरीत पट्ट्यापाशी उभी होते
तेव्हा पाठीत ती सणक आली, ओळखीची,
जुन्या शेजारणीने दार न वाजवता आत यावं तशी.
डाइव्हाने माझ्याकडे एकदाच पाहिलं
आणि माझ्या वाटचे खोके उचलायला लागली.
तिने काही विचारलं नाही. तिलाही माहीत असावं.

माहितीपत्रकात छापलंय, पाळीसारखं दुखेल, जरा जास्त.
कुणी लिहिलं असेल हे?
या पाळीच्या नव्हेत, या वेणा आहेत,
कमरेतून निघून मांड्यांत उतरणाऱ्या,
मध्ये श्वासापुरती जागा देऊन पुन्हा येणाऱ्या.
अकरा आठवडे आणि चाळीस आठवडे यांतला फरक
शरीराला कुणी शिकवलेला नाही.
ते आपलं इमानाने उघडत राहतं.
आणि मी वेडी, सवयीने श्वास मोजते,
फुंकर घालते, गुन्वोरने शिकवली तशी,
बाथरूमच्या गरम फरशीवर, टॉवेल दाताखाली धरून.
जोर कर, असं कुणी म्हणत नाही.
म्हणालं असतं तर कशासाठी केला असता?

रात्री अडीचला दारावर टकटक.
आई, मला शू लागली.
थांब जरा, आइरिन.
थांबता येत नाही.
तिचंही बरोबर होतं.
मी म्हटलं, बाबांची निळी बादली आहे ना, गळांची,
स्वयंपाकघरात, त्यात कर.
पलीकडे क्षणभर शांतता,
मग बादलीवरचा आवाज, मग खुदकन हसणं.
मीही हसले असेन. त्याच क्षणी काहीतरी सुटलं,
कोमट, मुठीएवढं, आणि दुखणं
पावसात विजेचा दिवा जावा तसं गेलं.

ती परत दाराशी येऊन बसली,
पाठ दाराला टेकवलेली, मला कळत होतं.
पोट दुखतंय?
हो.
माझ्या वेळेसारखं?
तिला दर वाढदिवशी ती गोष्ट हवी असते,
आई इतकी ओरडली की बंदरातल्या कप्तानाने भोंगा दिला,
यातलं भोंग्याचं तोर्गेइरने रचलंय.
मी म्हटलं, तसंच. थोडं कमी.
मग तू ओरडली का नाहीस?
तुम्ही झोपला होतात.
तिने विचार केला असावा. म्हणाली,
मी उठलेच होते.

मराठीत बाळंत झालेल्या बाईला मोकळी झाली म्हणतात,
मला हे कोण सांगणार, मी कधी ऐकलेलं नाही,
पण लिहिणारीला ते ठाऊक आहे
आणि तिचा हात त्या शब्दापाशी अडतो.

साडेसहाला फोन पुन्हा वाजला.
रस्ता उघडलाय, आता किती, एक ते दहामध्ये?
मी बादली धूत होते.
गळांचा एक आकडा तळाला अडकून राहिला होता,
तो काढताना बोटाला टोचला,
रक्ताचा थेंब आला, एवढासा.
मी म्हटलं, दोन.
बरं, म्हणाली बाई, आणि लिहून घेतलं.